घरच्या घरी सुतारकामाची हत्यारं बनवता येतात का? सुरुवात कशापासून करू?

येतात की, आणि मजाही येते, पण पैसे वाचतील म्हणून करत असाल तर नका करू, स्वतःचा वेळ धरला तर बाजारातलं स्वस्त पडतं. माझ्या मते सरळ छोट्या रंध्यापासूनच सुरुवात करा. पातं बनवायच्या भानगडीत पडू नका, हार्डवेअरच्या दुकानात सुटं मिळतं. लाकूड जुनं शिसवी नाहीतर चांगली वाळलेली बाभूळ, ओलं घेतलंत की नंतर तळ वाकलाच म्हणून समजा. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या उभ्या कापून काढा, मधला भाग 45 अंशात तिरका कापा म्हणजे पात्याला टेकायला जागा झाली, पुढच्या तुकड्याला ढलप्या बाहेर पडायला उतार द्या आणि पट्ट्या फेविकॉलने परत चिकटवा, मग एका पट्टीपासून दुसरीपर्यंत आरपार एक दांडी आणि तिच्याखाली पातं घट्ट दाबून धरायला पाचर. अख्खा ठोकळा पटाशीने कोरत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

खरी मेख तोंडाची, म्हणजे तळाला पातं जिथून बाहेर येतं ती फट. आधी पातं बाहेरच येणार नाही इतकी बारीक ठेवा आणि कानशीने जरा जरा उघडा, जास्त उघडली की उलटसुलट रेषांच्या लाकडाचे टवके उडतात. तळ सपाट करताना पातं आत ओढलेलं पण पाचर ठोकलेली हवी, तिच्या दाबाने तळ किंचित हलतो ना, मग काचेवर सँडपेपर चिकटवून घासा. पातं पुढे न्यायला त्याच्या डोक्यावर हलकी टकटक, मागे घ्यायला ठोकळ्याच्या मागच्या टोकावर.