बेळगावजवळच्या जांबोटीच्या जंगलात रात्री जमिनीवर चमकणारे डोळे दिसले, तो लांडगा कोळीच (वुल्फ स्पायडर) का? आणि फोटो कसा काढायचा?

बहुतेक लांडगा कोळीच, पण खात्री डोळ्यांच्या मांडणीवरून करा: खालच्या ओळीत चार बारके डोळे, त्याच्यावर समोर बघणारे दोन मोठे आणि मागे डोक्यावर आणखी दोन. चमक येते कारण डोळ्यात आत प्रकाश परत फेकणारा थर असतो, म्हणून टॉर्च हातात खाली न धरता कपाळाला बांधा किंवा डोळ्याशेजारी धरा, नाहीतर चमक तुमच्याकडं येतच नाही. मी खानापूर-कणकुंबी भागात पालापाचोळ्यात हेच करत फिरतो. मादी अंड्यांची गोल पिशवी पोटाच्या मागच्या टोकाला चिकटवून फिरते आणि पिल्लं झाली की पाठीवर घेते, हे दिसलं तर शंकाच नको. पिशवी तोंडात धरलेली असेल तर तो दुसऱ्या कुळातला. जाळं दिसलं म्हणून लगेच नाही म्हणू नका, आपल्याकडच्या हिप्पासा गटातले लांडगा कोळीच असून नरसाळ्यासारखं जाळं करतात. फोटोसाठी सरळ जमिनीवर पालथं पडा, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या लेव्हलला आणा, फोकस मोठ्या दोन डोळ्यांवर, फ्लॅशवर पांढरा डिफ्यूझर (प्रकाश मऊ करणारा पडदा), आणि एक फोटो वरून पाठीचा घ्याच, ओळखायला तो लागतो. पिल्लंवाल्या मादीला काडीनं हलवू नका हो, पिल्लं खाली सांडतात, फार वाईट वाटतं बघून. फक्त एक, फोटोवरून कुळ सांगता येतं, नेमकी प्रजाती सहसा नाही, त्याला मायक्रोस्कोपखाली जननेंद्रियं बघावी लागतात. आणि याच भागातल्या भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री शिरू नका.