बंद पडलेल्या कारखान्याचे फोटो नुसते 'पडक्या इमारती'चे वाटू नयेत, वास्तुकला म्हणून दिसावेत यासाठी काय करावं?

प्रश्न वाचून माझेच सुरुवातीचे फोटो आठवले. मावळतीचं ऊन, गंजलेलं दार, फुटकी काच. दिसायला छान, पण सगळे एकसारखे. त्यांत गंज होता, कारखाना नव्हता. धुराड्याचे फोटो तर विचारूच नका. खाली उभं राहून वाइड लेन्स वर रोखायचो, त्यामुळे धुराडं मागे कलंडल्यासारखं दिसायचं.

माझी नजर बदलली ती बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याचं काम पाहून. १९५९ पासून ही दोघं पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे टिपत राहिली. मोठ्या फॉरमॅटचा (म्हणजे मोठ्या आकाराच्या फिल्मचा) कॅमेरा, ढगाळ आभाळ, फोटोत माणूस जवळपास नाहीच. मग एकाच जातीच्या वास्तू ओळीने शेजारी शेजारी मांडायच्या. अशा टाक्या एकत्र पाहिल्या की कुठली ठेंगणी, कुठली ऐटबाज, हे आपोआप दिसू लागतं. १९९० मध्ये व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांना गोल्डन लायन हा पुरस्कार मिळाला, तोही शिल्पकलेसाठी! फोटोंना शिल्पाचं बक्षीस, यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे: इमारतीकडे शिल्पासारखं, आकार म्हणून बघायचं.

उरलेलं अर्धं म्हणजे, कॅमेरा काढण्याआधी 'हा आकार असाच का?' हे शोधणं. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर घ्या. उत्तर गोलार्धात त्याच्या काचा बहुधा उत्तरेकडे असतात, म्हणजे आत उजेड येतो, पण थेट ऊन येत नाही. धुराडं उंच, कारण आतली तापलेली हलकी हवा जितकी उंच चढेल तितकी भट्टीला ओढ जास्त. हे कळलं की फ्रेम कुठे कापायची नाही हेही कळतं. दात्यांची लय अर्ध्यावर तोडायची नाही, धुराड्याचं बूड सोडायचं नाही.

तंत्र फार नाही. लांब जा, ट्रायपॉड लावा, कॅमेरा वर-खाली न झुकवता समतल ठेवा. शिफ्ट लेन्स (कॅमेरा न झुकवता चौकट वर-खाली सरकवता येते अशी लेन्स) असेल तर उत्तमच.

परवानगीशिवाय आत शिरू नका. जुने सिमेंटचे पत्रे बऱ्याचदा अ‍ॅस्बेस्टसचे असतात, पायाखाली तुटतात आणि त्यांची धूळ फुप्फुसात जाते. उंचीच हवी असेल तर समोरच्या इमारतीच्या मधल्या मजल्यावर जायची परवानगी मागून बघा. तिथून धुराड्याच्या रेषा सरळ येतात, लेन्स वर रोखावीच लागत नाही.