वाचक विचारतात: बँड, डान्स फ्लोअर आणि जेवणाचं टेबल

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही पणजीत जुन्या थाटाच्या रेस्टॉरंटात जाणार आहोत. तिथे बँडवर जोडपी नाचतात. आम्हा दोघांनाही नाचाचा गंध नाही. तीन आठवडे हातात आहेत. काय शिकावं?
– सातारा

एकच गोष्ट शिका, पण पक्की: वॉल्ट्झचा, म्हणजे तीन-तीनच्या मोजणीत जोडीने करायच्या नाचाचा, चौकोन. तो सहा पावलांचा आहे, म्हणजे तुमच्या कानात आधीच बसलेल्या दादरा तालाचं एक आवर्तन. पुरुषाची पावलं अशी: 'धा' डावा पुढे, 'धिं' उजवा बाजूला, 'ना' डावा उजव्याला जुळवा. मग 'धा' उजवा मागे, 'तिं' डावा बाजूला, 'ना' उजवा जुळवा. बाईची पावलं याच्या आरशातली: आधी उजवा मागे, शेवटी डावा जुळवा.

एक फरक ध्यानात ठेवा. दादऱ्यात चौथ्या मात्रेवर 'खाली', म्हणजे बिनजोराची जागा, असते, तर वॉल्ट्झमध्ये चौथी मात्राही पहिलीइतकीच वजनदार. बास, म्हणजे बँडमधलं खर्जातलं वाद्य, दोन्ही जागी वाजतो, म्हणून कान गायकाकडे नको, बासकडे लावा.

बहुतेकांचं चुकतं ते 'ना'वर. पाय जुळतो, पण अंगाचा भार त्यावर जात नाही. मग पुढच्या 'धा'ला भलताच पाय उचलला जातो आणि जोडीदाराचा अंगठा चेंगरतो. दिवाणखान्यात रोज पंधरा मिनिटं, पहिला आठवडा संगीताशिवाय, नुसते बोल म्हणत करा. पाऊल खांद्यांच्या रुंदीपेक्षा मोठं टाकू नका. खाली पाहिलं की खांदे वाकतात आणि तोल जोडीदारावर पडतो.

संथ वॉल्ट्झ मिनिटाला साधारण 84 ते 90 ठोक्यांचा असतो. याच्या दुप्पट वेगाचा व्हिएनीज वॉल्ट्झ सुरू झाला तर खुशाल टेबलावर परता. आणि फ्लोअरच्या मध्यभागीच नाचा. कडेने फिरणारी जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने जातात. त्यांच्या वाटेत चौकोन घालत उभं राहिलं की धक्के ठरलेलेच.

साडी नेसून नाचता येतं का? आणि पायात काय घालावं?
– डोंबिवली

साडीत छान नाचता येतं. मात्र नाचायच्या चपला पायात घालूनच साडी नेसा आणि काठ मागून टाचेच्या इंचभर वर ठेवा. बाईला वारंवार मागे पावलं टाकायची असतात. काठ टाचेखाली आला तर निऱ्याच सुटतात. निऱ्यांना आतून पिन लावा, पदर चापूनचोपून खांद्यावर बसवा.

रबरी तळव्याचे बूट नकोत. गिरकीत तळवा फरशीला चिकटतो, अंग वळतं आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. पातळ चामड्याचा तळवा आणि मागे पट्टा असलेली चप्पल उत्तम. फरशी घसरती व्हावी म्हणून टाल्कम पावडर टाकणारे लोक असतात. तसं कधीच करू नका, त्यावरून दुसरं कुणीतरी आपटतं.

टेबल कुठलं मागावं?
– पुणे

फ्लोअरच्या कडेचं, पण बँडच्या समोरचं नव्हे, बाजूचं. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनचा आवाज त्यांच्या तोंडाच्या दिशेने थेट जातो. समोर बसलात तर गप्पा ओरडून माराव्या लागतील. स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबलही टाळा. मुख्य जेवणाची ऑर्डर बँडची विश्रांती सुरू होण्याच्या दहा मिनिटं आधी द्या. विश्रांतीत सगळी टेबलं एकदमच मागवतात आणि तुमचं ताट नेमकं पुढचा वॉल्ट्झ सुरू झाल्यावर येतं. जागा उघड्यावर असेल तर लवकर जा: एरवी रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी असते.

बिलातला सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का?
– नाशिक

नाही, तो ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये तसं स्पष्ट केलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये ते उचलून धरलं. कव्हर चार्ज, म्हणजे आत बसण्याचं शुल्क, मात्र वेगळा. तो माणशी की टेबलामागे, आणि जेवणाच्या बिलातून वळता होतो का, हे आरक्षण करतानाच विचारा.

बँडला फर्माईश कशी करावी?
– ठाणे

गाणं चालू असताना नाही. विश्रांतीत बँडच्या प्रमुखाला गाठा आणि गाण्याच्या नावापेक्षा चाल सांगा: "एक संथ वॉल्ट्झ वाजवाल?" त्यांना येणारी दहा गाणी त्यात बसतात. गोव्याच्या वादकांना हे सांगायला संकोच नको, त्यांचा पारंपरिक गाण्याचा प्रकार, मांडो, हाही सहाच्याच संथ मोजणीत चालतो. मुंबईच्या ताजमध्ये वाजवणारे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट गोव्याचेच. आपल्या सी. रामचंद्रांचे ते सहायक होते आणि 1951 च्या 'अलबेला'त आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. पावलं बसली की त्या चित्रपटातली नाचाची गाणी लावून बघा. त्यात तीनची चाल कुठे आणि चारची कुठे, हे ओळखता यायला लागलं की फ्लोअरवर कधी उठायचं ते कुणाला विचारावं लागणार नाही.