श्रीराचाला ऑफर आलीय म्हणणाऱ्या अमृताला

अगं अमृता, तुझा मेसेज वाचून लगेच उत्तर टाइप करायला घेतलं, मग सगळं डिलीट केलं, आज परत बसलेय. तू विचारलंस की नवऱ्याला चाकणहून थायलंडला श्रीराचाच्या प्लांटवर पाठवतायत, मुलगी तिसरीत आहे, सासरचे "पटायाशेजारी? बायकोमुलीला घेऊन?" म्हणून हसतायत, तर तिथं राहण्यासारखं आहे का आणि व्हिसासाठी एजंटला पैसे चारावे लागतात हे खरं का.

फॉर्म, फी, नव्वद दिवसांचा रिपोर्ट हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी लिहीत बसत नाही. एकच सांगते, घरमालकाकडून टीएम थर्टीची, म्हणजे परदेशी माणूस घरात राहतोय असं त्याने इमिग्रेशनला कळवल्याची, पावती पहिल्या आठवड्यात मागून घे, तो "उद्या" म्हणेल, तू दारात उभी राहा.

हसणाऱ्यांचं आधी बोलू. श्रीराचा हे कारखान्यांचं गाव आहे, जपानी लोक इतके की हॉटेलात मेनूकार्ड जपानीत, रात्री नऊला सगळं गपगार. पटाया गाडीने अर्ध्या तासावर. पण पुण्यात ते कोण ऐकून घेतं. डीलर लोकांना कंपन्या वर्षानुवर्षं बँकॉक-पटायाच्या टूरवर पाठवतायत, घरी सांगायचं "कॉन्फरन्स" आणि येताना बायकोला नारळाचं तेल आणायचं. २०२५ मध्ये तर पुण्याचाच एक जण मुंबई विमानतळावर पकडला गेला, पासपोर्टची पानं फाडलेली, का तर बँकॉकच्या वाऱ्या घरी कळू नयेत! आमच्या फॅमिली ग्रुपवर त्या बातमीखाली हसण्याच्या इमोजींची रांग होती.

माझ्या नवऱ्याचा मावसभाऊ अशाच डीलर ट्रिपला आला होता, सोबत तिघं. मी कांदेपोहे केले, त्यांनी चितळ्यांची बाकरवडी आणली, छान गप्पा झाल्या, आणि निघताना चपला घालता घालता एकजण माझ्या नवऱ्याला म्हणतो, "तुम्ही इथलेच झालात आता, चांगली जागा सांगा की, फसवतात म्हणे." माझी मुलगी ईरा तिथेच सोफ्यावर होमवर्क करत होती. नवरा म्हणाला, मला माहीत नाही. त्यांना ते खोटंच वाटलं, डोळा मारून गेले.

आणि हे तुला सांगू की नको असं चाललं होतं, पण सांगते. पटायाला इंडियन किराणा मिळतो म्हणून महिन्याला एखादी चक्कर होते. एकदा सेकंड रोडवर संध्याकाळी टॅक्सीची वाट बघत उभी होते, हातात तूरडाळ आणि कढीपत्त्याची पिशवी, अंगात साधा कुर्ता. चारपाच जणांचा घोळका आला, एक हिंदीत मला म्हणाला, "कितना?" मागचा त्याला मराठीत सांगत होता, "अरे, ही आपल्याकडची वाटते, सोड." मी मराठीतच म्हटलं, दादा, मी कोथरूडची. तो इतका दचकला, "सॉरी ताई, सॉरी ताई" करत दुसऱ्या फुटपाथवर पळाला. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा आम्ही दोघं हसलोसुद्धा. पण रात्री झोप लागेना, कारण माझ्यापासून दहा पावलांवर जी मुलगी उभी होती तिला पण त्यांनी तेच विचारलं असणार, आणि तिला असं कुठलं कोथरूड सांगता येणार होतं.

लहानपणी अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला गेलो की आई बुधवार पेठेच्या बाजूला हात घट्ट धरून चालवायची, तिकडं बघू नको म्हणायची. दगडूशेठच्या मागच्या गल्ल्यांत नेपाळच्या, बांगलादेशच्या बायका कशा येऊन पडल्या हे आपण कधी विचारलं का? धाड पडली की पेपरात बातमी येते, बनावट कागदपत्रांवर राहणाऱ्या अमुक महिला ताब्यात. ज्याने ती कागदं बनवली आणि ज्याने सीमेवर डोळेझाक केली त्याचं नाव बातमीत नसतं. मी पण अशी बातमी वाचून पान उलटणाऱ्यातलीच, इथे आले म्हणून डोक्यात घुसलं.

इथे थायलंडमध्ये देहविक्रीचा धंदा १९६० पासून बेकायदा आहे, सध्याचा कायदा १९९६ चा. तरी कसा चालतो? पटाया हे साधं मच्छीमारांचं गाव होतं, व्हिएतनाम युद्धात जवळच्या ऊ-तपाओ तळावरून अमेरिकेची बी-५२ विमानं उडायची, १९६७ साली सैनिकांच्या सुट्टीचा रीतसर करार झाला आणि गावाचं असं झालं. युद्ध संपलं, गिऱ्हाईक बदललं. आणि धंदा बेकायदा ठेवला की हप्ता घेणाऱ्याची कायमची सोय, हे आपल्याला कोणी वेगळं समजवायला नको.

आता तुझा एजंटचा प्रश्न, आणि इथेच माझं डोकं फिरतं.

ईराच्या बाबांनी त्याच औद्योगिक वसाहतीतल्या दुसऱ्या कंपनीत नोकरी बदलली. जुन्या नोकरीचा शेवटचा दिवस संपला की त्याचा व्हिसा संपतो आणि त्यावर लटकलेले आम्ही दोघी पण संपतो. नव्या कंपनीचे कागद वेळेत आले नाहीत. एक एजंट म्हणाला, मॅडम, देश सोडायची गरज नाही, एवढे द्या, मी आत बोलतो. आकडा फार नव्हता, ईराच्या एका टर्मच्या स्कूलबसएवढाच. नवरा नाही म्हणाला, आम्ही लाओसला व्हिएन्टिएनला जाऊन थाई एम्बसीतून नवा व्हिसा आणला, त्यात एम्बसीला सुट्टी, एक फोटो चुकीच्या साइजचा, मग परत रांग. इकडे शाळेने सांगितलं की व्हिसाची कॉपी चालू नसेल तर वर्गात बसता येणार नाही, फी मात्र भरलेली ती भरलेलीच. लॉय क्राथोंग या थाई सणाचा नाच होता शाळेत, दीड महिना प्रॅक्टिस केलेली, बाईंनी तिच्या जागी दुसरी मुलगी उभी केली.

ईराच्याच वर्गात एक मुलगा आहे, त्याचे वडील युरोपातले, सदानकदा पटायाच्या बारमध्ये. त्यांचा व्हिसा कुठल्याशा संस्थेचे "स्वयंसेवक" म्हणून! सगळं एजंटकडून. त्या मुलाचा एक दिवस बुडाला नाही. मला अजून त्या माणसाला गेटवर गुड मॉर्निंग म्हणवत नाही, आणि मुलाचा काय दोष म्हणून डब्यात दोन शंकरपाळी जास्त देते.

२०२२ च्या शेवटी बँकॉकच्या एका पबवर धाड पडली, चिनी टोळ्यांचं प्रकरण निघालं, आणि मग कळलं की स्टुडंट आणि स्वयंसेवक व्हिसे इमिग्रेशन पोलिसांच्याच हातून खिरापतीसारखे वाटले गेले होते. हे चव्हाट्यावर कोणी आणलं, तर चूवित कमोलविसित यांनी, जे एकेकाळी स्वतः मसाज पार्लरचे सम्राट होते. रिटायरमेंट व्हिसाचं तेच, पन्नाशी पार आणि बँकेत आठ लाख बात (थाई चलन) हवेत. नसतील तर एजंट काही दिवस खात्यात ठेवून काढून घेतो. म्हणजे जो बाई विकत घ्यायला आलाय त्याचे कागद पक्के.

आणि जिला विकलंय तिचे? आमच्या गल्लीत कपडे धुणारी नोई लाओसची आहे. तिची भाची हॉटेलात काम म्हणून आली आणि कराओकेत पोचली, पासपोर्ट मालकाकडे. मुदत संपली की दिवसाला ५०० बात दंड, जास्तीत जास्त २०,०००. पोलिसाकडे जावं तर आधी तीच बेकायदा. आणि जायचं कुठल्या पोलिसाकडे? रोहिंग्यांच्या तस्करीत २०१७ साली थाई लष्कराच्या एका लेफ्टनंट जनरलला २७ वर्षांची शिक्षा झाली, पण त्या तपासाचे प्रमुख पोलीस अधिकारी त्याआधीच जिवाच्या भीतीने ऑस्ट्रेलियाला निघून गेले होते. नोईने मला विचारलं, तुझ्या नवऱ्याच्या कंपनीचा एजंट आहे ना, तो बोलेल का कुणाशी. मी विचारलं. तो म्हणाला, मॅडम, तिकडं दुसरे लोक बघतात. भाची अजून तिथेच आहे.

तर हो, एजंट असतो. बहुतेक कंपन्यांचा ठरलेला असतो, त्याच्या बिलावर "सेवा शुल्क" लिहिलेलं असतं, आत काय हे नवरा विचारत नाही आणि मी पण हल्ली विचारत नाही. आमच्या पासपोर्टवर वेळेत शिक्के बसतात. नोई कपडे घेऊन आली की मी टीव्हीचा आवाज वाढवते.

एकटेपणाचं विचारलंयस. येतो, जातो. शेजारच्या चाचोएंगसाओला ३९ मीटरचा उभा गणपती आहे, गाडी काढून जायचं. कुकरची रिंग आणि गोडा मसाला येताना आण.

शाळेचं मात्र मनावर घे. फीचा कागद सही करण्याआधी व्हिसा बदलताना मूल वर्गात बसेल का हे लेखी विचार. आणि नवऱ्याला विचार कंपनी बीओआयची, म्हणजे थाई सरकारच्या गुंतवणूक मंडळाच्या सवलतीतली, आहे का, असेल तर व्हिसा आणि वर्क परमिट बँकॉकच्या वन स्टॉप सेंटरमधून होतं, तिथे एजंटची फारशी गरज पडत नाही. ते कळलं की मला सांग, मग कुठल्या भागात घर बघायचं ते लिहिते.