वाचकांचे प्रश्न : दुसऱ्या बाइटमधले शून्य

प्रश्न : मी गणिताचा निवृत्त शिक्षक असून सांकेतिक लेखनाविषयी सध्या हौसेने वाचत असतो. ‘आरसी ४’ या स्ट्रीम सायफरच्या, म्हणजे किल्लीपासून बाइटांचा प्रवाह तयार करून त्याने मजकूर झाकणाऱ्या पद्धतीच्या, प्रवाहातील दुसरा बाइट (० ते २५५ पैकी एक आकडा) शून्य येण्याची संभाव्यता १/२५६ ऐवजी १/१२८ आहे, असे वाचनात आले. अर्ध्या टक्क्याहूनही कमी असलेल्या या फरकाने गुपित कसे फुटते? आणि दोष सुरुवातीच्या बाइटांत असेल, तर तेवढे टाकून देऊन ही पद्धत वापरता आली नसती का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : रॉन रिव्हेस्ट यांनी १९८७ साली रचलेल्या या पद्धतीत ० ते २५५ हे आकडे किल्लीनुसार पिसून एका कोष्टकात मांडले जातात, त्यातून एकेक बाइट बाहेर पडतो आणि तो मूळ मजकुराच्या बाइटशी एक्स-ऑर केला जातो, म्हणजे दोन्ही बाइट बिटबिटाने ताडून बिट वेगळे तिथे १ आणि सारखे तिथे ० मांडला जातो. आपण म्हणता तो झुकाव इत्झिक मँटिन आणि आदी शमीर यांनी २००१ मध्ये दाखवला, आणि त्याचे कारण कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येण्याइतके सोपे आहे. पिसून झाल्यावर कोष्टकाच्या २ क्रमांकाच्या घरात शून्य आले असेल आणि १ क्रमांकाच्या घरात २ हा आकडा नसेल, तर पहिल्या दोन पायऱ्यांच्या अदलाबदलीत ते शून्य नेमके अशा घरी जाऊन बसते, की दुसरा बाइट शून्यच निघतो. असे घडण्याची शक्यता जवळजवळ १/२५६. उरलेल्या वेळी निव्वळ योगायोगाने शून्य येण्याची शक्यताही तेवढीच. दोन्हींची बेरीज झाली १/१२८.

आता प्रवाहातला बाइट शून्य असला, की एक्स-ऑर करूनही मजकुराचे अक्षर आहे तसेच बाहेर पडते. एकच संदेश २५,६०० वेगवेगळ्या किल्ल्यांनी पाठवला गेला आणि चोरून ऐकणाऱ्याने प्रत्येक वेळचा दुसरा बाइट टिपून ठेवला, असे समजा. इतर प्रत्येक मूल्य सुमारे १०० वेळा दिसेल, त्यात दहा-वीसांचा चढउतार होईल. खऱ्या अक्षराचे मूल्य मात्र २०० वेळांच्या आसपास दिसेल. २,५६० संदेशांवर हाच प्रयोग केल्यास १० आणि २० अशी तुलना होऊन शंकेला जागा राहील, कारण २५५ मूल्यांपैकी एखादे नुसत्या योगायोगानेही विसाजवळ पोहोचू शकते. प्रमाणित विचलन आपण वर्गात शिकवले असेलच. नमुना मोठा करत गेले की झुकाव त्या विचलनाच्या वर डोके काढतो, एवढाच या हल्ल्याचा पाया आहे. किल्ली हाती लागत नाही, तिची गरजही पडत नाही.

एकच मजकूर इतक्या वेळा कोण पाठवील, ही शंका रास्त आहे. आपला ब्राउझर पाठवतो. संकेतस्थळाने दिलेली, आपली ओळख पटवणारी कुकी (एक छोटी नोंद) तो प्रत्येक विनंतीबरोबर जशीच्या तशी रवाना करतो. २०१५ मध्ये मॅथी व्हानहोफ आणि फ्रँक पीसन्स यांनी आरसी ४ ने झाकलेली अशी कुकी ७५ तासांच्या आत उलगडता येते, हे दाखवून दिले.

सुरुवातीचे बाइट टाकून देण्याचा उपाय खरोखरच सुचवला गेला होता. तो काही अंशी उपयोगी आहे. पण स्कॉट फ्लुरर आणि डेव्हिड मॅक्ग्रू यांनी २००० सालीच दाखवले होते, की लागोपाठच्या बाइटांच्या काही ठरावीक जोड्या संपूर्ण प्रवाहभर अपेक्षेपेक्षा किंचित जास्त किंवा कमी वेळा येतात. अशा झुकावांसाठी कोट्यवधी नमुने लागतात इतकेच. तिसऱ्यापासून २५५ व्या बाइटापर्यंतही शून्याकडे कल आहे, हे २०११ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील सुभमय मैत्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. हे काम आपल्याकडे जितके माहीत असायला हवे तितके नाही. अखेर फेब्रुवारी २०१५ मध्ये आरएफसी ७४६५ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजाने टीएलएसमधून (ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातली देवाणघेवाण झाकणाऱ्या व्यवस्थेतून) आरसी ४ ला मनाई केली.

प्रश्न : आमच्या निवास-न्याहारीत जुना राउटर आहे. त्यात वाय-फाय सुरक्षित ठेवण्यासाठी ‘डब्ल्यूईपी’ लावले आहे. पासवर्ड बराच किचकट ठेवला, तर पाहुण्यांसाठी ते पुरेसे होईल का?
— एक वाचक, तारकर्ली

उत्तर : नाही. डब्ल्यूईपीमध्येही आरसी ४ च आहे, परंतु ते फार निष्काळजीपणे बसवलेले आहे. दर पॅकेटला (माहितीच्या तुकड्याला) बदलणारा अवघा २४ बिटांचा आकडा, तोही उघडपणे, कायमच्या किल्लीच्या पुढे जोडला जातो, आणि त्यामुळे प्रवाहाच्या पहिल्या बाइटांतून खुद्द किल्लीचीच माहिती झिरपते. फ्लुरर, मँटिन व शमीर यांनी हे २००१ मध्ये उघड केले; २००७ मधील सुधारित हल्ल्यात तर ४०,००० पॅकेटांत १०४ बिटांची किल्ली मिळण्याची शक्यता निम्मी होती. एखाद्या पाहुण्याने चित्रफीत पाहायला घेतली तरी एवढी पॅकेटे थोड्या वेळात होतात. पासवर्ड सोपा की किचकट, याने या हिशेबात काडीचाही फरक पडत नाही.

राउटरच्या सेटिंगमध्ये ‘डब्ल्यूपीए २’ आणि त्यापुढे ‘एईएस’ असा पर्याय दिसला, तर तो निवडावा. ‘टीकेआयपी’ निवडू नये, कारण त्याच्याही पोटात आरसी ४ च आहे. हे पर्याय मुळीच दिसत नसतील, तर पुढचा हंगाम सुरू होण्याआधी राउटर बदलावा.