भावाला जिन्यावरून उचलून नेऊ नका, कार्यालयाला खाली बोलवा

तुमची अडचण थोडक्यात अशी. थोरले बंधू मणक्याच्या दुखापतीनंतर व्हीलचेअरवर आहेत. संजय गांधी निराधार योजनेच्या हयातीच्या पडताळणीला तहसीलमध्ये बोलावलं. शाखा पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून चौघांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं. वर गेल्यावर कारकून म्हणाले, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) ठाण्याचं आहे, इथलं आणा.

कार्डाचा मुद्दा लगेच निकालात काढतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ५८ सांगतं की प्रमाणपत्र देशभर ग्राह्य आहे. पत्ता बदलला असेल तर तो दुरुस्त करून घ्या, पण ठाण्याचं म्हणून कुणी नाकारू शकत नाही. मूळ कार्ड कुणाच्या टेबलावर ठेवून येऊ नका, छायांकित प्रत द्या.

आता जिना. मी स्वतः पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) लावून महसूल खात्यात नोकरी केली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात. उचलून नेण्याने माणसाचा अपमान होतो, पडण्याचा धोका असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण त्यातलं कार्यालयीन गणितही समजून घ्या. तुमचं काम झालं म्हणजे कागदावर अडचण आलीच नाही. उद्या जिल्ह्यावरून पत्र आलं की दिव्यांग अभ्यागतांच्या तक्रारी कळवा, तर खालून उत्तर जातं, 'निरंक', म्हणजे एकही नाही. ते खोटंही नसतं, कारण बारनिशीत, म्हणजे आवक-जावक नोंदीत, तुमचा कागदच नाही.

म्हणून पुढच्या वेळी आधी अर्ज करा. तहसीलदारांच्या नावाने, अर्ध्या पानात. अमुक लाभार्थी व्हीलचेअर वापरतात, शाखा पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. तरी पडताळणी तळमजल्यावर किंवा घरी करावी आणि तारीख कळवावी. खाली एकच कायदेशीर ओळ हवी: दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २ व ३ नुसार वाजवी सोय नाकारणे हा भेदभाव आहे. 'विनंती' हा शब्द चालेल, 'कृपा' नको. यूडीआयडीची प्रत जोडा. बारनिशीत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का द्यायला का-कू करायला लागले तर वाद घालू नका, पोस्टाने पोच मिळेल अशा पद्धतीने पाठवा. आवक क्रमांक पडला की कागद कुणाच्या तरी नावावर चढतो आणि त्याचं काहीतरी करावंच लागतं. निम्म्या ठिकाणी एवढ्यावरच कारकून रजिस्टर घेऊन खाली येतो, असा माझा अनुभव आहे. त्याला खाली यायला फार तर पाच मिनिटं लागतात.

नाहीच आले, तर दिव्यांग कल्याण आयुक्त, पुणे यांच्याकडे तक्रार. वकील लागत नाही. आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे समन्स काढण्याचे, कागद मागवण्याचे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली तर कार्यालयाने काय केलं ते तीन महिन्यांत कळवायचं असतं, आणि मान्य नसेल तर कारण द्यायचं असतं. इथेच तो आवक क्रमांक कामाला येतो. तोंडी सांगितल्याचं कार्यालय सरळ नाकारतं. एक सावधगिरी: कलम २३ मधला तक्रार निवारण अधिकारी नोकरीतल्या दिव्यांगांसाठी आहे. बरेच जण त्याच्याकडे अर्ज करून महिने घालवतात.

इमारतीचं बोलायचं तर मुदत कधीच उलटून गेली आहे. कायद्याचे नियम १५ जून २०१७ ला आले. त्यानंतर पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, व्हायला हव्या होत्या, म्हणजे जून २०२२ पर्यंत. राजीव रतुरी यांच्या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे नियम नुसते शिफारसवजा ठेवता येणार नाहीत, सक्तीचे हवेत, असं सांगितलं. रतुरी स्वतः दृष्टिहीन, याचिका २००५ सालची. यावरून वेगाची कल्पना यावी.

आणि रॅम्प आहे म्हणून सांगतील तर तो मोजा. मानक उतार १ ला १२, म्हणजे जोतं दोन फूट उंच असेल तर रॅम्प चोवीस फूट लांब लागतो. आपल्याकडे दोन फुटांना सहा-सात फुटांचा रॅम्प करून बिल काढतात. त्यावरून व्हीलचेअर वर नेता येत नाही आणि खाली सोडली तर घसरगुंडी. बहुतेकदा त्याच्या तोंडाशी साहेबांची किंवा शिपायाची मोटारसायकल उभी असते. फोटो काढा, टेपने माप घ्या, तक्रारीला जोडा. माहिती अधिकारात, १० रुपयांत, इमारतीची सुगमता तपासणी कधी झाली आणि अहवालाची प्रत, एवढंच मागा. तपासणी झालीच नसेल तर 'माहिती उपलब्ध नाही' असं लेखी उत्तर येतं आणि आयुक्तांपुढे ते सोन्यासारखं असतं.

जिना दिसतो म्हणून निदान त्यावर बोलणं होतं. माझ्या ओळखीचे एक कर्णबधिर गृहस्थ सेतू केंद्रावर दुपारपर्यंत बसून राहिले, कारण तिथे नाव पुकारतात. त्यांनाही मी हेच सांगितलं: नंबर चिठ्ठीवर लिहून द्यावा, असा अर्ज करा. पुढच्या खेपेला चिठ्ठी मिळाली. दृष्टिहीनांचं दुखणं ऑनलाइन अर्जातलं, कॅप्चा आणि पडद्याकडे बघून डोळे मिचकावायला लावणारं केवायसी, म्हणजे ओळख पडताळणी. त्यावर प्रज्ञा प्रसून खटल्यात ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुगमता हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे. बँकेत अडवलं तर या निकालाचं नाव अर्जात घाला.

तुमच्या बंधूंच्या पडताळणीची तारीख जवळ आली असेल तर अर्ज आजच द्या. त्यात 'या कारणाने अनुदान थांबवू नये' ही ओळ जरूर टाका, नाहीतर अर्ज फिरत राहील आणि पैसे मात्र बंद होतील. मसुदा करून इथे टाका, नाव-गाव खोडून. मी बघतो.