पायरीवरच्या चपला

प्रिय सोन्या,

रात्रपाळी करून सकाळी घरी आले तेव्हा तू शाळेत निघून गेला होतास. फ्रिजवर तुझी चिठ्ठी दिसली : "आई, भुसावळच्या चर्चमध्ये आपण चपला बाहेर काढतो, इथे आयर्लंडमध्ये, गॉलवेला, कोणीच काढत नाही. मग बरोबर काय? आणि आजीकडच्या फोटोत सगळे अनवाणी आहेत, एकटे पणजोबाच बूट घालून का उभे आहेत?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत लिहून चिठ्ठी परत लावणार होते. दुसरा प्रश्न वाचला आणि खुर्ची ओढून बसले. तो फोटो मी लहानपणापासून बघते आहे, पण त्या बुटांबद्दल आमच्या घरात कधी कोणी मोकळेपणी बोललं नाही. आज मला सुट्टी आहे, म्हणून सगळंच लिहिते.

सोपं आधी. दोन्ही बरोबर आहे. मान कसा द्यायचा हे माणूस आपल्या घरात शिकतो आणि तेच देवाच्या घरी घेऊन जातो. इथले म्हातारे गृहस्थ चर्चच्या दारात टोपी काढून हातात धरतात, पाहिलंस ना? आपल्याकडे पायांतलं काढतात. आजीच्या घरी आपण चपला दारातच काढतो, शेजारच्या काकूंकडे जाताना काढतो, कितीतरी दवाखान्यांत डॉक्टरांच्या खोलीबाहेरसुद्धा काढतो. मग मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाताना त्या पायांत ठेवायच्या कशा? बायबलमध्ये जळत्या झुडपातून देवाने मोशेला पहिली गोष्ट हीच सांगितली, की पायांतले जोडे काढ, तू उभा आहेस ती जमीन पवित्र आहे. म्हणून कोणी तुला म्हटलं की ही रीत तुम्ही दुसऱ्या धर्मातून घेतली, तर गोंधळून जाऊ नकोस.

भुसावळला तरी सगळे चपला काढतात असं नाही. तू मराठी मिस्साला आलास म्हणून तुला तसं वाटलं. भुसावळ हे रेल्वेचं मोठं जंक्शन. लोको शेड, यार्ड, गार्ड, ड्रायव्हर, परिचारिका, शिक्षिका अशा नोकऱ्यांपायी गोव्याचे, केरळचे, तमिळनाडूचे, अँग्लो-इंडियन असे कितीतरी कॅथोलिक तिथे येऊन राहिले. माझ्या लहानपणी इंग्रजी मिस्साला ही मंडळी बाकांवर बसायची, बूट-सँडल पायांत असायचे. मराठी मिस्साच्या वेळी पुढचे बाक भिंतीकडे सरकवून सतरंजी अंथरायचे आणि पायरीवर चपलांचा ढीग लागायचा. चर्च एक, वेदी एक, फादरही तेच. कोणी कोणाला नावं ठेवली नाहीत. 31 डिसेंबरच्या रात्री मात्र सगळे एकत्र. बारा वाजले की यार्डातली इंजिनं एकाच वेळी भोंगे वाजवायची, फादर क्षणभर थांबायचे आणि मग आशीर्वाद द्यायचे. तो आवाज ऐकल्याशिवाय मला अजूनही नवं वर्ष लागल्यासारखं वाटत नाही.

ही सतरंजी कुठून आली तेही सांगते. तुझे आजोबा लहान होते तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये व्हायचा आणि फादर लोकांकडे पाठ करून वेदीपाशी उभे राहायचे. आजोबा वेदीसेवक होते. "एत कुम स्पिरितु तुओ" हे उत्तर त्यांना शेवटपर्यंत तोंडपाठ होतं, पण त्याचा अर्थ त्यांना मोठेपणी कळला. पुढे 1962 ते 1965 या काळात रोममध्ये जगभरच्या बिशपांची दुसरी व्हॅटिकन महासभा भरली आणि लोकांच्या भाषेत उपासना करायला वाट मोकळी झाली. 1969 साली भारतातल्या बिशपांनी मागितलेल्या बारा गोष्टींना रोमने मंजुरी दिली : खाली बसणं, पायांतलं काढून येणं, हात जोडून नमस्कार करणं, पंचांग प्रणाम, समई, धूप, आरती वगैरे. आजोबा सांगायचे, पहिल्यांदा मराठीत "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सगळ्यांनी एका सुरात म्हटलं तेव्हा मागच्या म्हाताऱ्या बायका रडल्या. घरी त्या हीच प्रार्थना रोज मराठीत म्हणायच्या. पण मिस्सात, वेदीसमोर, ती आपल्या भाषेत त्यांनी कधी ऐकली नव्हती.

सगळ्यांनाच ते रुचलं असं नाही. आरतीचं ताट बघून काही जणांना वाटलं, हे तर आपण मागे सोडून आलो होतो. आजीला मात्र कधी शंका आली नाही. तिच्या मंगळसूत्रात काळे मणी आहेत आणि मधोमध क्रूस आहे, तो तू हातात घेऊन बघायचास. ती म्हणते, "खाली बसल्याबिगर देव जवळ वाटत नाही मले."

आणि आता आबा. माझे आजोबा, फोटोतले तुझे पणजोबा.

आबांनी चपला काढल्या नाहीत. सतरंजी आली, ढीग लागायला लागला, तरी आबा काळे चामड्याचे बूट घालून आत यायचे आणि शेवटच्या बाकावर बसायचे. तुझ्या फोटोतही तेच आहे. तो आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो. नवरा-नवरी अनवाणी, सगळे पाहुणे अनवाणी, आणि आबा बूट घालून ताठ उभे.

याचं कारण मी तुला आज पहिल्यांदा सांगते आहे. तू बारा वर्षांचा झालास, आता ते तुला ठाऊक असायला हवं. आपलं मूळ गाव खानदेशातलं नाही, नगर जिल्ह्यातलं. आपलं घर गावाबाहेर, महारवाड्यात होतं. त्या काळी गावातल्या वरच्या जातींच्या लोकांनी आपल्या लोकांना अस्पृश्य ठरवलं होतं. विहिरीवर पाणी भरता येत नसे, देवळाची पायरी चढता येत नसे. पाटलाच्या वाड्यावरून जायचं तर पायांतले जोडे काढून हातात घ्यावे लागत. आबांच्या वडिलांनी जन्मभर ते केलं. उन्हाळ्यात तापलेल्या फुफाट्यातून, हातात जोडे असताना, अनवाणी. आबा लहानपणी वडिलांचं बोट धरून त्याच रस्त्याने चालायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्या भागात जर्मन आणि स्विस येशूसंघीय (जेझुइट) फादर काम करत होते. आपलं घराणं त्यांच्या हातून ख्रिस्ती झालं. आबा शाळेत चार इयत्ता शिकले, गाव सोडलं, भुसावळला रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि पैसे साठवून त्यांनी पहिली मोठी खरेदी केली ती बुटांची.

फादरांनी त्यांना एकदा बाजूला घेऊन विचारलं होतं. आजोबा तिथे होते, त्यांनी मला सांगितलं. आबा म्हणाले, "फादर, माझ्या बापानं जोडे हातात धरून जन्म काढला. मी देवाच्या घरात ते पायांत घालूनच येणार." त्यानंतर त्यांना कोणी विचारलं नाही.

मी नऊ वर्षांची होते. 1993 चा एप्रिल, ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा. झावळ्यांच्या रविवारी आम्ही मुलांनी शिंदीच्या झावळ्या हातात घेऊन फेरी काढली होती. भुसावळला नारळीची झाडं शोधावी लागतात, शिंदी हवी तेवढी मिळते. पवित्र गुरुवारी येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून फादर धर्मग्रामातल्या, म्हणजे आपल्या पॅरिशमधल्या, बारा पुरुषांचे पाय धुवायचे. त्या वर्षी त्यांनी आबांना बसायला सांगितलं.

आबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. गुरुवारी दुपारी, ऊन रणरणत असताना, त्यांनी मला हाक मारली. मोरीत दगडावर बसले होते, हातात वजरी. "पाणी घाल," म्हणाले. मी तांब्याने पाणी घालत होते आणि ते टाचा घासत होते. टाचांच्या भेगा इतक्या खोल होत्या की त्यात काळं वंगण कायमचं मुरलं होतं. उजव्या अंगठ्याला नख नव्हतं. वरणगावच्या बाजूला काम चालू असताना रुळाखालचा स्लीपर पायावर पडला होता. तळवे खडीवरून चालून चालून दगडासारखे झाले होते. साबण लावला, परत घासले, परत पाणी. शेवटी म्हणाले, "फादरनं हात लावायचा आहे याला." एवढंच.

संध्याकाळी बारा जण ओळीने बसले. एक पॉइंट्समन, एक शाळेचा शिपाई, एक गोव्याचे निवृत्त गार्ड, बाकी आपली मंडळी. आबांनी बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढून बुटांत नीट ठेवले. मी त्यांना चर्चमध्ये अनवाणी पहिल्यांदा बघत होते. फादर परात सरकवत सरकवत आले. आबांसमोर गुडघे टेकले, पाणी ओतलं, टॉवेलने पाय पुसले, अंगठ्याच्या बेचक्यासुद्धा पुसल्या, आणि मग खाली वाकून त्या नख नसलेल्या अंगठ्यावर ओठ टेकले. आबांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती. त्यांची हनुवटी थरथरत होती. भजन चालू होतं, पण मला त्यातला एक शब्दही आठवत नाही.

मिस्सा संपला. आबांनी मोजे घातले, बूट घातले, नाड्या बांधल्या आणि घरी आले. मला वाटलं होतं, आता ते रविवारी अनवाणी येतील. ईस्टरला आबा बूट घालूनच आले. त्यानंतरही दर रविवारी. ते वारले तेव्हा आजोबांनी त्यांच्या पायांत तेच बूट घातले आणि मगच पेटीचं झाकण लावलं. त्या दिवशी आमच्या दारात चपलांना जागा उरली नव्हती : गल्लीतले, शेडमधले, मुसलमान, हिंदू, सगळे चपला काढून घरात येत होते, पेटीपाशी उभे राहून बाहेर पडत होते.

मी बरीच वर्षं विचार केला, आजोबा बरोबर की आबा. बाप अनवाणी बसायला तयार नव्हता आणि मुलगा सतरंजीवर बसून आरती म्हणायचा. आता मला वाटतं, दोघांनी एकच गोष्ट केली. आजोबांनी चपला आपल्या मनाने काढल्या, त्यांना कोणी काढायला लावल्या नव्हत्या. आबांना त्या काढायला लावलेल्या माहीत होत्या, म्हणून ते घालून आले. धाक दाखवून काढायला लावलेल्या चपलेत मान नसतो. आबांच्या बुटांत मात्र होता, आणि फादरांना तो दिसला म्हणून ते वाकले, असं मी मानते.

तुला अजून एक सांगायचं होतं. ऑक्टोबरमध्ये, जपमाळेच्या महिन्यात, येशूच्या आईची, मारियेची, मूर्ती रोज संध्याकाळी एका घरी जाते. आपल्या घरी आली की आजी दारातल्या चपलांवरून सांगायची कोण कोण आलंय. शेडचे जाडजूड बूट म्हणजे शेजारचे मामा ड्युटीवरून थेट आले. पांढऱ्या सँडल म्हणजे रेल्वे हॉस्पिटलच्या सिस्टर. शेजारच्या काकू ख्रिस्ती नाहीत, पण त्यांची चप्पल सगळ्यांत आधी दारात असायची. "नमो मरिये" त्यांना पाठ झालं होतं. जपमाळ संपली की भिजवलेले हरभरे आणि केळी वाटायची. केळी काकू आणायच्या, त्यांच्या माहेरी रावेरला बाग होती.

2016 साली पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला, तेव्हापासून पवित्र गुरुवारी बायकांचेही पाय धुता येतात. मध्ये एका वर्षी आजी बसली होती. मी इथून फोन केला, कसं वाटलं विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या आबाची आठवण आली वं माय," आणि फोन आजोबांकडे दिला.

इथे रविवारी तू बूट घालूनच ये, फरशी बर्फासारखी असते. ईस्टरला आपण भुसावळला जाऊ तेव्हा पायरीवर काय करायचं ते तू ठरव, मी काही सांगणार नाही. फक्त शनिवारी आजीला फोन करशील तेव्हा आबांच्या बुटांबद्दल तिला तूच विचार. ते बूट ती रोज संध्याकाळी पुसून ठेवायची, एवढंच मला माहीत आहे. पुढचं ती मला सांगत नाही. तुला सांगेल.

डबा ओट्यावर ठेवला आहे.

तुझी आई